चौकात टेकायला दोन कट्टे हवेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या मंगळवारी आईला घेऊन सावंतवाडीला गेले होते, आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमीची खरेदी होती. आम्ही कुडाळकडचे, पण आईचं माहेर सावंतवाडीचं, त्यामुळे ती बाजाराला जाते म्हणजे निम्मी माणसं भेटायलाच जाते. त्यात मंगळवार आठवडा बाजाराचा. गांधी चौकाच्या आसपास नुसती गजबज, कुणी रतांब्यांचे (कोकमाच्या फळांचे) वाटे लावून बसलेलं, कुणाच्या पाटीत करवंदं नि जांभळं, सुक्या बांगड्यांचा वास येतोय, मधूनच रिक्षावाल्याचा हॉर्न, आणि दर चार पावलांवर आईला कुणीतरी हाक मारतंय, "गो, कधी इलंस?" मॉलमध्ये असं कोण विचारतं? मला हा चौक फार आवडतो, अगदी मनापासून सांगते.

तिथून आम्ही चितारआळीत, लाकडी खेळण्यांच्या गल्लीत गेलो. लाकडी आंबे, केळी, फणस, भातुकली, लाखेचे चकचकीत रंग, लहानपणी मी इथेच अडून बसायचे. पूर्वी ही खेळणी पांगाऱ्याच्या लाकडाची करायचे, हलकं असतं ते. एका दुकानात गंजिफा, म्हणजे जुना पत्त्यांचा खेळ, बघितला, दशावतारी गंजिफ्यात 120 पानं असतात, दहा अवतारांची प्रत्येकी बारा, सगळी गोल आणि हाताने रंगवलेली. ही कला बंदच पडायला आली होती, सावंतवाडी संस्थानचे राजे शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवींनी राजवाड्यात कारागिरांना बसवून ती परत उभी केली म्हणून आज आपल्याला बघायला तरी मिळते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. चितारआळीतून परत चौकात येईपर्यंत आईचे गुडघे भरून आले, तिचं वय 71. टेकायला जागा शोधतोय तर कुठे काही दिसेना, दुकानांच्या पायऱ्यांना लागून टू व्हीलर उभ्या आणि त्यांच्यामधून वाट काढायची म्हणजे हातातली पिशवी डोक्यावर धरायची पाळी. शेवटी एका दुकानदाराने आतून स्टूल आणून दिलं, पाणी दिलं, म्हणाला "आये, बसा हंयसर". त्याचे उपकार आहेतच, पण चौकात आलेल्या म्हाताऱ्या माणसाने कुणाच्या तरी चांगुलपणावर का अवलंबून राहायचं? आणि गंमत नाही सांगत, आई तिथे अर्धा तास बसली तेवढ्यात तिने नातवासाठी भोवरा, बैलगाडी नि पोळपाट-लाटणं असं सगळं घेतलं, उभी असती तर एक वस्तू घेऊन निघाली असती. चौकात गाड्या लावणं बंद केलं तर गिऱ्हाईक तुटेल असं व्यापाऱ्यांना वाटतं, ती काळजी मला कळते, पण गिऱ्हाईक दोन मिनिटं टेकलं तर खरेदी जास्तच करतं हे मी डोळ्यांनी बघितलंय.

माझं मागणं मोठं नाही. चौकात दोन-तीन ठिकाणी जांभ्या दगडाचे कट्टे बांधा, चिरा आपल्याकडचाच आहे, पावसाने कुजत नाही की गंजत नाही, वर एक पत्र्याची नाहीतर कौलांची शेड. आणि मंगळवारी निदान संध्याकाळी 5 ते 8 चौकात गाड्या लावायला बंदी, तेवढा वेळ बाजारापासून जरा लांब पार्किंग द्यावं. सामान जड असलेल्यांसाठी रिक्षा आत सोडाव्यात, त्या पाहिजेतच.

संध्याकाळी मोती तलावावर गेलो. 1874 साली बांधलेला तो तलाव, आणि काठाला बसायची सोय असल्यामुळे तिथे कोण नव्हतं ते विचारा, कॉलेजची पोरं, पेन्शनर, पोरांना फिरवायला आणलेल्या बायका. आईला तिथे तिची शाळेतली मैत्रीण भेटली, दोघी अंधार पडेपर्यंत बोलत बसल्या, मला शेवटची एसटी चुकेल म्हणून उठवावं लागलं.

गणपतीच्या बाजाराला आई परत येणार आहे. त्याच्या आत दोन कट्टे झाले तर फार बरं होईल.

आपली,
एक वाचक, कुडाळ