पाचव्या मजल्यावरील संगणकांच्या पंख्यांच्या आवाजाबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती

महोदय,
स. न. वि. वि.

बी विंगच्या पाचव्या मजल्यावरील एका सदनिकेत दोन संगणक चोवीस तास चालतात : एक जुना रॅक सर्व्हर (लोखंडी मांडणीत सरकवून बसवायचा चपटा संगणक) आणि एक मोठ्या ग्राफिक्स कार्डाचा टॉवर (उभ्या पेटीचा संगणक). त्यांच्या आवाजाने खालच्या आणि शेजारच्या घरांची झोप मोडते, ही तक्रार खरी आहे. त्यावर ‘यंत्रे हलवा’ अशी नोटीस काढण्याचा समितीचा विचार असल्याचे कळले. त्या सभासदांची रोजीरोटी या यंत्रांवर आहे आणि आवाजाचा बराचसा भाग जागच्या जागी कमी करता येतो. म्हणून नोटिशीआधी पुढील गोष्टी करून पाहाव्यात, ही कळकळीची विनंती.

दोन्ही यंत्रांचा आवाज निराळा आणि त्याची वाटही निराळी. सर्व्हरची उंची जेमतेम ४४ मिमी, त्यामुळे आत ४० मिमीचेच पंखे मावतात. एवढ्याशा पंख्याला पुरेशी हवा ढकलायची तर मिनिटाला १५,००० च्या आसपास फेरे घ्यावे लागतात. पंखा सात पात्यांचा असेल तर या वेगाला सुमारे १,७५० हर्ट्‌झचा चिरका सूर निघतो, आणि तो बाथरूमच्या डक्टमधून मजलोमजली पोहोचतो. टॉवरच्या १२० मिमी पंख्यांची घरघर मात्र ११७ हर्ट्‌झच्या आसपास (सात पाती, हजार फेरे). ती टेबलाच्या पायांतून स्लॅबमध्ये उतरते. खालच्या घराने खिडक्या लावल्या तरी ती थांबत नाही, ती यामुळेच.

आधी मोजणी व्हावी. रात्री ११ नंतर, तक्रारदाराच्या बेडरूममध्ये, छताचा पंखा, एसी आणि फ्रिज बंद ठेवून एकाच फोनवर एकाच जागी पाच मिनिटे यंत्रे चालू असताना आणि पाच मिनिटे बंद असताना सरासरी पातळी नोंदवावी. अॅपमध्ये ‘ए’ वेटिंग निवडावे. फोनचा आकडा काही डेसिबलने चुकू शकतो, पण दोन आकड्यांमधला फरक उपयोगी पडतो. फरक ३ डेसिबलपेक्षा कमी आला तर त्या मोजणीवरून यंत्रांवर ठपका ठेवू नये. १० किंवा अधिक आला तर आवाज यंत्रांचाच समजावा.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती परिसराच्या आवाजाची मर्यादा आहे. शांत बेडरूममध्ये मुळात ३० डेसिबल असताना ३८ डेसिबलची अखंड शिट्टी नियमात बसली, तरी माणसाला झोपू देणार नाही. त्यामुळे ‘४५ च्या आत आहे, विषय संपला’ असे उत्तर समितीने कृपया देऊ नये.

टॉवरचे काम सोपे आहे. पायांखाली जाड निओप्रीन रबराचे पॅड ठेवावेत आणि टेबल भिंतीपासून सुटे करावे. घरघर लगेच उतरली तर ती स्लॅबमधूनच जात होती. मग जाळ्या आणि हीटसिंकमधली (उष्णता शोषणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमधली) धूळ काढावी. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. ग्राफिक्स कार्डाची वीजमर्यादा २० टक्क्यांनी खाली आणली तर काम थोडेसेच मंदावते, उष्णता मात्र बरीच घटते आणि पंख्यांचा वेग कमी ठेवता येतो. वेग २० टक्क्यांनी उतरला की आवाज सुमारे ५ डेसिबलने, निम्मा झाला की सुमारे १५ डेसिबलने कमी होतो. मात्र हवाही त्याच प्रमाणात घटते, त्यामुळे तापमानावर लक्ष हवे. पंखे सतत वर-खाली होत असतील तर बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) वेग बदलण्याचा विलंब वाढवावा. बदलता आवाज एकसारख्या आवाजापेक्षा जास्त खुपतो.

सर्व्हरबाबत स्पष्ट सांगतो : हे यंत्र डेटा सेंटरसाठी बनलेले आहे, राहत्या घरासाठी नाही. ‘सायलेंट’ ४० मिमी पंखे बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो घेऊ नये. त्यांचा दाब पुरत नाही, आणि कमी फेरे दिसताच अनेक सर्व्हर पंखा बिघडला असे समजून उरलेले पंखे पूर्ण वेगाने सोडतात. काही सर्व्हर अनोळखी कार्ड बसवल्यानेही पंखे वाढवतात. तसे जादा कार्ड असेल तर ते काढून पाहावे. तेवढ्याने भागले नाही तर तेच काम १२० मिमी पंख्यांच्या टॉवरवर हलवणे हाच टिकाऊ उपाय.

यंत्रे बंद कपाटात कोंडण्याची सूचना सभेत नक्की येईल. ती मान्य करू नये. यंत्रांची समजा ७०० वॅट उष्णता हवेचे तापमान १० अंशांहून जास्त न वाढवता बाहेर काढायची तर तासाला सुमारे २१० घनमीटर हवा लागते. ती मिळाली नाही की पंखे आणखी जोरात धावतात. पेटी करायचीच असेल तर जड प्लायची, आतून रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) लावलेली, आणि हवेचे दोन्ही मार्ग वळणाचे हवेत. नुसता अंड्याच्या ट्रेसारखा फोम आवाज अडवत नाही. पेटीतली गरम हवा डक्टमध्ये सोडू देऊ नये. तीच तर शिट्टीची वाट आहे.

समितीने दोन्ही सभासदांसमक्ष पाहणी करून कामासाठी १५ दिवसांची मुदत द्यावी, त्यानंतर त्याच फोनने, त्याच जागी पुन्हा मोजणी करावी आणि दोन्ही नोंदींची प्रत दोन्ही घरांना द्यावी. तोवर रात्री १० ते सकाळी ६ सर्व्हर बंद ठेवण्याची विनंती त्या सभासदांना करावी. पाहणीच्या वेळी मी हजर राहीन आणि पॅड बसवायला मदत करीन.

कळावे,
आपला विश्वासू,
एक सभासद, बी विंग