पाणी चाळीस फुटांवर असतानाच घर सोडावे

महोदय,

कृष्णेचे पाणी वाढू लागले की आयर्विन पुलावर ‘पाणी बघायला’ जाण्याची सांगलीकरांची सवय जुनी आहे. ती नदीच्या मायेतून आली आहे हे मी जाणतो. तरीही फोटोसाठी लहान मुलाला कठड्यावर बसवणारे आईवडील दिसले की काळजाचा ठोका चुकतो.

त्याहून मोठा धोका घरात थांबून राहणाऱ्यांना आहे. आयर्विन पुलापाशी 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी. या पाच फुटांत माणसे, जनावरे, सामान हलवायचे असते. पण आपण ‘2019 ला पाणी कुठवर आले होते’ याचाच हिशेब करत बसतो. पूर काठ ओलांडून समोरूनच येतो असे नाही. नदी फुगली की शेरीनाल्यासारख्या नाल्यांतून पाणी उलटे वस्तीत शिरते आणि घर कोरडे असतानाच बाहेर पडायचा रस्ता बंद होतो. जुलै 2021 मध्ये आमच्या घरात पाणी पहिल्यांदा आले ते मोरीच्या जाळीतून: आधी गुडगुड आवाज, मग काळपट बुडबुडे. दार उघडले तर पायरीखाली गुडघाभर पाणी वाहत होते आणि आईला पाठीवर घेऊन निघावे लागले.

पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे 8 ऑगस्ट 2019 रोजी पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि त्यात बायका-मुलांचाही जीव गेला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती, पण मी त्यांना दोष देणार नाही. पाण्याने वेढल्यावर पुढच्या फेरीची वाट पाहायला कोण तयार होईल?

कोयनेतून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे, हे ऐकून घरातल्या म्हाताऱ्या माणसाला काहीच कळत नाही. त्यापेक्षा आयर्विनला किती फूट पाणी झाले की या गल्लीत येते आणि आधी कोणता रस्ता बंद होतो, एवढे प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर ठळक रंगवावे. दुसरी विनंती नदीकाठच्या गावांसाठी. दावणीची म्हैस सोडून शेतकरी निघत नाही, म्हणून जनावरांच्या छावण्या चाऱ्यासह इशारा पातळीच्या आधीच सुरू कराव्यात.

– एक वाचक, गावभाग, सांगली