पालकमंत्री साहेब, अंगणवाडीला लाल विटा कुणाच्या हुकमानं?

मा. पालकमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गावात नवी अंगणवाडी बांधताय, त्याबद्दल आभार. परवा पाहून आले, जोत्यावर भिंती चढल्यात. सगळ्या भट्टीच्या लाल विटा. तिथून हाकेच्या अंतरावर आमच्या बचत गटाच्या राखडीच्या, म्हणजे वीजकेंद्रातल्या कोळशाच्या राखेच्या, विटांच्या थप्प्या पडून आहेत. फटीफटीतून गवत वर आलंय.

आमचं विटांचं मशीन सुरू झालं तेव्हा आपणच माइकवर म्हणाला होतात, "पंचायतीची कामं आता या ताईंच्याच विटांनी होतील." त्या भरवशावर कर्ज काढलं. यंदाच्या हप्त्यापायी माझ्या कानातलं गहाण पडलं. मजुरी थकलेल्या बाया दारात येतात, त्यांना काय सांगू? साहेब मुंबईला आहेत म्हणून?

औष्णिक वीजकेंद्रापासून 300 किलोमीटरच्या आतल्या बांधकामांना राखडीचा माल वापरा, असं केंद्र सरकारची अधिसूचना सांगते. पहिली अधिसूचना तर 1999 ची. आमच्या ओट्यावरून वीजकेंद्राची चिमणी दिसते हो! राखड आमच्या कपाशीवर बसते, वाळत घातलेल्या लुगड्यांवर बसते, सरकारी भिंतीत तेवढी चालत नाही. अभियंता साहेब म्हणतात, दर परवडत नाही. 'पर्यायी मालापेक्षा महाग नसेल तर' ही 2021 च्या अधिसूचनेतली पळवाट त्यांना तोंडपाठ आहे, पण आमचं दरपत्रक त्यांनी उघडलंसुद्धा नाही. विटांची दाब-चाचणी करून आणली, तो कागदही फायलीत गेला तो गेलाच.

एका लाल विटेला तीनेक किलो माती जाते. अंगणवाडीला पंधरा-वीस हजार विटा धरा. म्हणजे पंचेचाळीस ते साठ टन माती भाजली, तीही कुणाच्या तरी शेतातली. ठेकेदार कुणाचा भाचा, ते लिहीत नाही, गावाला ठाऊक आहे. आणि याच पंचायतीनं 'माझी वसुंधरा' या पर्यावरण अभियानाची शपथ घेतली, हात पुढे करून फोटोही काढला!

जुलै 2022 मध्ये कोराडी वीजकेंद्राचा खसाळ्याचा राखड साठवायचा बंधारा फुटला, शेतांत राखड शिरली. तेव्हा पाहणीला गाड्यांची रांग. बंधारे भरू द्यायचे, फुटले की पंचनामे करायचे, पण त्याच राखडीची वीट घ्यायची म्हटलं की नियम आडवे येतात. तुमचं सगळं सरकारच असं चालतं.

प्रत्येक अंदाजपत्रकात राखडीच्या विटा लिहा, आणि त्या वापरल्याचा दाखला नसेल तर बिल काढू नका. एवढंच मागणं आहे. उत्तर देणार असाल तर 'योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित' असा शेरा मारून हे पत्र खाली ढकलू नका. खालच्या साहेबांनीच आम्हाला वर पाठवलंय.

आपली,
बचत गटाची एक सदस्य