हात लावू का ओ?

खानापूर,
रविवार दुपार

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर तू म्हणालास, "तू अजून तसाच भाबडा राहिलास बघ," आणि तेवढ्यात तुझी मीटिंग लागली म्हणून फोन ठेवलास. तेव्हापासून ते डोक्यात घोळतंय. राग नाही आलेला, खरं उत्तर द्यायचं राहून गेलं, आणि ते व्हॉट्सअॅपवर दोन ओळीत मावणारं नाही म्हणून सरळ पत्रच लिहायला बसलो. चहा घेऊन बस, लांबणार आहे. इथं पाऊस असा लागलाय की कालपासून मलप्रभा घाटाच्या पायऱ्या चढायला लागलीय, वर कणकुंबीकडं तर थांबायचं नावच नाही म्हणतात.

मी तुला बसमधलं सांगितलं त्यावरनं तू ते म्हणालास ना? परत एकदा नीट सांगतो. जून २०२३ पासून आमच्याकडं कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली हे तुला माहीत आहेच, शून्य तिकीट मिळतंय, त्यामुळं सकाळची खानापूर-बेळगाव गाडी गच्च भरून येते आणि पुरुष मंडळींचं रोजचं एकच सुरू, पैसे आम्ही भरायचे आणि उभं बी आम्हीच राहायचं. त्या दिवशी एक आजी भाजीचं बोचकं घेऊन चढल्या, मी उठून जागा दिली तर मागनं एकजण म्हणाला, फुकटवाल्यांना कशाला जागा देतोस रे. मी एवढंच म्हटलं, तिकीट फुकट आहे, गुडघे फुकट नाहीत त्यांचे. तो गप्प झाला, आजीपण काही बोलल्या नाहीत, खिडकीबाहेर बघत राहिल्या. यात मी काय मोठं केलं असं मला अजिबात वाटत नाही, खरं तू जे विचारलंस की "कोण बघतंय, कुणाला फरक पडतोय", त्यावर माझं म्हणणं आहे की फरक पडतोय का हे मी बघायला जात नाही. कंडक्टर एवढा घामाघूम होऊन सगळ्यांना आत ढकलत असतो, तरी ओरडताना "मुंद होग्री", म्हणजे पुढं चला हो, असंच म्हणतो. कन्नडमधला तो "री" बघ ना, चिडलेल्या माणसाच्या तोंडातनं पण मान सुटत नाही. आपण तरी दुकानातनं उठताना "जातो" कुठं म्हणतो, "येतो" म्हणतो. आणि दुकान बंद करत नाही कुणी, वाढवतात. हे आज्या-पणज्यांनी भाषेतच घालून ठेवलंय आणि आपण ते पाच मिनिटांच्या घाईत टाकून द्यायला निघालोय याचं मला खरोखर वाईट वाटतं.

असो. आता मुद्द्याचं, म्हणजे दाढीचं.

हसू नको, दाढीचा संबंध आहे. तुला आठवत असेल कॉलेजपासून माझ्या गळ्यावर दाढी केली की लाल पुटकुळ्या यायच्या, कॉलर घासली की आग व्हायची. मी चांगलातला महागडा कार्ट्रिजवाला रेझर वापरायचो, तीन पात्यांचा, नंतर पाच पात्यांचा, आणि जितकी पाती वाढली तितका त्रास वाढला. गेल्या वर्षी पावसाळ्यात एकदा स्टँडजवळच्या सलूनमध्ये गेलो, तिथले मामा, तू लहानपणी त्यांच्याकडं फळीवर बसून केस कापून घेतलेस ते. त्यांनी गळा बघितला आणि सांगितलं, केस आत वळायलेत. ते असं की जास्त पाती असली की पहिलं पातं केस जरा ओढून धरतं आणि मागचं पातं तो कातडीच्या पातळीच्या खाली कापतं, मग तो वाढताना बाहेर यायच्या ऐवजी कातडीतच वळतो. कुरळे केस असले तर जास्तच. दोन पात्यांचा रेझर बाजारात आला १९७१ ला, त्याच्या आधी सगळं जग एका ब्लेडवर गुळगुळीत दाढी करत होतंच की. तो जो साधा, वर ब्लेड घालून दांडा फिरवायचा रेझर असतो, आपल्या वडिलांच्या कपाटात असायचा बघ, त्याचं पेटंट जिलेटला अमेरिकेत १९०४ साली मिळालं आणि आजपण त्यात काही सुधारायचं शिल्लक आहे असं मला वाटत नाही.

मामांनीच शिकवलं मला. गिऱ्हाईक जाईल म्हणून घाबरले नाहीत. म्हणाले, रोज तर तू माझ्याकडं येणार नाहीस, मग घरी नीट तरी कर.

आणि शिकवताना पहिली गोष्ट काय केली माहीत आहे? माझ्या हनुवटीला हात लावायच्या आधी विचारलं, "हात लावू का ओ?" वीस वर्षांपासून ओळखतात मला. मी म्हटलं, मामा, विचारताय काय, लावा की. तर म्हणाले, तोंड तुझं हाय, विचारायला नको? नंतर मी मुद्दाम लक्ष दिलं. दारू पिऊन आलेला गडी असो, बँकेतला साहेब असो, पाच वर्षांचं रडणारं पोरगं असो, सगळ्यांना तेच विचारतात, आणि हो म्हणेपर्यंत हात वर धरून थांबतात.

एकदा दुकान वाढवायच्या वेळेला पाऊस लागला म्हणून मी अडकलो होतो, तेव्हा सांगितलं त्यांनी. त्यांचे वडील जांबोटीकडच्या एका खेड्यात धोकटी घेऊन घरोघर जायचे, बलुत्यावर, म्हणजे वर्षाकाठी खळ्यावर धान्य मिळायचं. उंबऱ्याच्या आत घेत नव्हते, अंगणात बसून दाढ्या करायच्या, आणि बारकी पोरंसुद्धा "ए न्हाव्या" म्हणून हाक मारायची, नावानं नाही. मामा म्हणाले, "आमच्या बापाला कुणी विचारलं न्हाई. मग म्या ठरवलं, माझ्या खुर्चीत बसल त्याला म्या इचारणार." एवढंच. परत तो विषय काढला नाही त्यांनी.

आमच्या ऑफिसातले एकजण म्हणतात, मामा सगळ्यांना मान देतो म्हणून त्याला कुणी मान देत नाही. मला हे अजिबात पटत नाही. ज्या माणसाला जगानं काय केलंय ते पूर्ण माहीत आहे, आणि ते माहीत असूनही तो रोज सकाळी शटर वर करून पहिल्या गिऱ्हाइकाला परवानगी विचारतो, त्याला भाबडा कसं म्हणायचं? भाबडा तो ज्याला माहीतच नाही. यावरनं मला ते आठवलं, १८९० च्या सुमारास मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडेंच्या पुढाकारानं न्हाव्यांनी ठरवलं होतं की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. सत्यशोधकांच्या इतिहासात वाचलं होतं, तेव्हा परीक्षेपुरतं वाचलं. आता कळतंय की दुसऱ्याच्या डोक्याला त्याच्या मनाविरुद्ध हात लावायचा नाही, हे म्हणायला किती धाडस लागलं असेल, पोट त्याच्यावरच असताना.

बरं, तुला शिकायचंय म्हणालास म्हणून नीट सांगतो, कारण यूट्यूबवर पाहून तू घाई करशील. आधी तोंड कोमट पाण्यानं धू आणि तसंच दोन-तीन मिनिटं ओलं ठेव, आंघोळीनंतर केलीस तर उत्तम. केस पाणी पितो आणि मऊ पडतो, कोरडा असताना तो तारेसारखा असतो. सगळ्यात जास्त लोक इथंच चुकतात. डुकराच्या केसाचा ब्रश असेल तर तो पण आधी पाण्यात भिजत ठेवायचा. मग ब्रश झटकून, बदामाएवढं क्रीम घेऊन वाटीत घुसळायचं, थोडं थोडं पाणी घालत. मोठे बुडबुडे दिसले म्हणजे हवा जास्त झाली, घुसळत राहा, दह्यावरची साय कशी दाट आणि चकचकीत असते तसं झालं पाहिजे. मला हे जमायला महिना लागला.

रेझरचं डोकं गालावर सपाट टेकव, दांडा आडवा बाहेर येईल, मग दांडा हळूहळू खाली आण आणि ब्लेड टेकल्यासारखं वाटलं की थांब. साधारण तीस अंश. तो कोन धरूनच चालायचं. आणि दाबायचं नाही. दाबायचं नाही म्हणजे अजिबात नाही, रेझरला स्वतःचं वजन असतं, तेवढंच पुरतं. कार्ट्रिजनं आपल्याला दाबायची सवय लावलीय, ती मोडायलाच वेळ जातो. मामा मागे उभं राहून सारखं म्हणायचे, सोड, सोड, हात सोड. छोटे छोटे फटके, दर दोन-तीन फटक्यांनी पाण्यात बुचकळायचं. पहिला हात केस वाढतात त्या दिशेनं, परत फेस लावून दुसरा हात आडवा, उलट्या दिशेनं महिना-दोन महिने जाऊच नको. गळ्यावर केस एका दिशेचे नसतात, माझ्या तर डावीकडं चक्क वरच्या बाजूला वळलेत, त्यामुळं आदल्या दिवशी बोट फिरवून बघून ठेव. शेवटी गार पाणी आणि ओली तुरटी. झोंबली कुठं तर समजायचं तिथं हात दाबला होता, तुरटी खोटं बोलत नाही. बारीक कापलं असेल तर रक्त पण तिनं थांबतं. ब्लेड चार-पाच दाढ्यांनी बदल, दोन-चार रुपयाची वस्तू, तिच्यासाठी कातडी खरवडून घेऊ नको.

आणि वापरलेलं ब्लेड कचऱ्यात नुसतं टाकायचं नाही, हे मात्र माझ्या गळ्याची शपथ समज. मी पहिले दोन महिने कागदात गुंडाळून टाकत होतो. एक दिवस घंटागाडीवरच्या अक्कांच्या बोटाला चिंधी बघितली, विचारलं तर म्हणाल्या कुणाच्या तरी घरातलं ब्लेड लागलं, आमचं रोजचंच हाय. माझंच असेल असं नाही, खरं माझं नसेलच असंही नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. आता बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला फट पाडून घेतलीय, सगळी ब्लेडं त्यात पडतात, वर्ष होत आलं अजून पाव डबा पण भरला नाही. भरला की झाकण चिकटपट्टीनं बंद करून, वर मोठ्या अक्षरात लिहून भंगारवाल्याच्या हातात द्यायचा. मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हीत लिहिणार.

आता ऑफिसातले ते जे एकजण, त्यांच्याबद्दल सांगतो, कारण तुला त्यांच्यासारखं व्हायची भीती वाटते असं तू मागे एकदा म्हणाला होतास. रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलीत. सकाळी मी नमस्कार म्हटलं की "हं" एवढंच. कुठल्याही गोष्टीला "काय उपयोग हाय?" बेळगाव-खानापूर महाराष्ट्रात जाईल म्हणून त्यांच्या वडिलांनी १९५६ पासून वाट बघितली, त्यांनी स्वतः मोर्चात लाठ्या खाल्ल्या, २००४ पासून सुप्रीम कोर्टात सीमाप्रश्नाची केस आहे ती आहेच, पोरं पुण्याला निघून गेली. त्यांचा थकवा खोटा नाही आणि मी त्यांना कधी वरनं शहाणपण सांगायला गेलो नाही. खरं मला दुसऱ्याकडनं कळलं की २०१९ च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा हा माणूस तीन दिवस शाळेत आसरा घेतलेल्या लोकांना दूध नि ब्रेड पोचवत होता, दोन्ही भाषेच्या लोकांना, आणि ऑफिसात येऊन परत "काय उपयोग हाय" म्हणतच होता. म्हणजे तोंड एक म्हणतंय आणि हात दुसरंच करतायत. तेव्हापासून मी त्यांच्या तोंडाकडं लक्ष द्यायचं सोडलं. रोज नमस्कार म्हणतो, "हं" घेतो, कामाला लागतो. माझी आशा म्हणजे एवढीच रे, फार मोठी नाही.

मागच्या आठवड्यात त्यांनी आपणहून विचारलं. माझ्याकडं न बघता, फाईल उलटत, "गळा बरा झाला रे तुझा. कुठलं ब्लेड?" मी दुसऱ्या दिवशी पाच ब्लेडचं पाकीट नेऊन दिलं आणि सांगितलं, सर, दाबू नका. ते पाकीट खिशात टाकून म्हणाले, "या वयात काय उपयोग हाय." शुक्रवारी त्यांच्या कानाजवळ तुरटीचा पांढरा डाग राहिला होता. मी काही बोललो नाही.

तुझ्यासाठी एक रेझर घेऊन ठेवलाय, जड दांड्याचा, नवशिक्याला तोच बरा. कुरिअरनं पाठवत नाही, गणपतीला तू येणारच आहेस. आईनं विचारलंय किती दिवस राहणार, कुंद्याची मिठाई बेळगावहून आदल्या दिवशीच आणायची म्हणतेय. आलास की मामांकडं जाऊ, त्यांनी तुझी दोनदा चौकशी केली. फक्त मंगळवार सोडून ये, मंगळवारी दुकान बंद असतंय.

येतो.

तुझाच