पक्या, पंप रूमची चावी कुणाकडे असते?

प्रिय पक्या,

सेक्रेटरी झालास, आता अभिनंदन करू की सांत्वन तेच कळेना. बावीस मजली टॉवर म्हणजे पार्किंगची भांडणं, कुत्र्यांच्या तक्रारी, लीकेज, आणि वर तुझा हा मेसेज की "फायर ब्रिगेड येतेच ना, मग फायर सिस्टीमच्या एएमसीवर (वार्षिक देखभालीच्या करारावर) एवढे पैसे कशाला घालवायचे". हे तुझं डोकं नाही, कमिटीतल्या कुणा काकांचं आहे हे मी ओळखलं. तरी नीट लिहितो, हवं तर मीटिंगमधे वाचून दाखव.

येते रे ब्रिगेड, आणि पटकन येते. 101 लावला की फोन भायखळ्याच्या कंट्रोल रूमला जातो, तिथून जवळच्या स्टेशनला कॉल, आणि गाडी टर्नआऊट, म्हणजे स्टेशनातून बाहेर. आमच्या क्वार्टर्समधे तू पाहिलंयसच, बाबा ड्युटीवर असले की खाली घंटा व्हायची आणि गाडी हलायच्या आत सगळे वर चढलेले असायचे, बूट कुणी गाडीत घालतंय, बटणं कुणी गाडीत लावतंय. उशीर होतो तो रस्त्यात आणि तुमच्या गेटवर. फोन करणारा माणूस "आग लागली, लवकर या" ओरडून ठेवून देतो, विंग नाही, मजला नाही, जवळची खूण नाही. आणि गाडी पोचते तेव्हा आत जायच्या रस्त्यावर कुणाची तरी एसयूव्ही उभी असते.

पहिली गाडी पोचली की तिच्यावरचा ऑफिसर काय दिसतंय ते कंट्रोलला कळवतो आणि त्यावर पुढचं ठरतं. टीव्हीवाले "लेव्हल थ्रीची आग" म्हणून किंचाळतात ना, ती लेव्हल म्हणजे किती गाड्या आणि कुठल्या हुद्द्याचा ऑफिसर लागणार याचा हिशोब असतो. एखाद्या बंद गोडाऊनला आत माणूस नसताना लेव्हल चढत जाते, आणि वन-बीएचकेत सिलिंडर भडकून घर संपतं तिथे लेव्हल वनच राहते. लेव्हल वाढली की वरचा साहेब येऊन चार्ज घेतो, स्टेशन ऑफिसर, मग डिव्हिजनल, मग डेप्युटी चीफ, शेवटी चीफ. साहेब म्हणजे लांब उभं राहून वॉकीटॉकीवर बोलणारा असं वाटत असेल तर 9 मे 2015 ची काळबादेवी आठव. गोकुळ निवासची जुनी इमारत आग लागून कोसळली, त्यात चार ऑफिसर गेले, खुद्द चीफ फायर ऑफिसर सुनील नेसरीकरांसकट.

आता तुझ्या टॉवरचं. शिडीवर विसंबू नकोस. मुंबईकडे 90 मीटरची शिडी आहे हे खरं, पण तिला उभं राहायला मोकळी, पक्की जागा लागते, पाय पसरावे लागतात तिला, आणि तुमच्या पोडियमवर तर लॉन आणि कारंजं केलंय. मग पाणी वर कसं जाणार? दर दहा मीटर उंचीला साधारण एक बार प्रेशर नुसतं पाणी चढवण्यातच जातं, म्हणजे विसाव्या मजल्यापर्यंत सहा बार गेले, त्याच्यावर फवाऱ्याला लागतं ते वेगळं. आणि गाडीतलं चार-पाच हजार लिटर पाणी दोन होज लाइन चालवल्या तर काही मिनिटांत संपतं. म्हणूनच बिल्डिंगमधे वेट रायझर असतो, तो लाल पाइप, खाली टाकी, पंप, आणि गेटजवळ एक इनलेट, जिथे ब्रिगेडवाले आपली गाडी जोडून तुमच्याच पाइपात पाणी ढकलू शकतात. थोडक्यात जवान वर चढतो तो फक्त होज आणि ब्रँच (होजच्या टोकाचं नोझल) घेऊन, पाणी त्याला तुमच्या पाइपातून मिळायचं असतं, आणि तो पाइप कोरडा असला तर तो बिचारा काय करणार, पाठीवर टाकी घेऊन वीस मजले चढणार?

एएमसी ती हीच. 2006 च्या महाराष्ट्राच्या आग प्रतिबंधक कायद्यात जबाबदारी मालक आणि राहणाऱ्यांची आहे, ब्रिगेडची नाही, आणि लायसन्स असलेल्या एजन्सीकडून दर जानेवारीत आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे सिस्टीम चालू स्थितीत असल्याचा दाखला, भरून द्यायचा असतो. आता मी याच धंद्यात आहे म्हणून सांगतो, कागद मिळणं सोपं आहे. आमच्यातलेच काही लोक पंप रूमचं दारही न उघडता सही देतात. मी आत गेलो की पहिल्यांदा पंपाच्या पॅनेलवरचा स्विच बघतो, ऑटोवर आहे की मॅन्युअलवर. बऱ्याच ठिकाणी मॅन्युअलवर असतो, कारण लीकेजमुळे जॉकी पंप (पाइपातलं प्रेशर टिकवणारा छोटा पंप) सारखा चालू व्हायचा, आवाज यायचा, म्हणून वॉचमनने बंद करून ठेवलेला. मग वरच्या मजल्यांवर होज बॉक्स उघडायचा, त्यात होज असतो पण पितळी नोझल नसतो, तो भंगारात गेलेला असतो, आणि कुणाला पत्ताही नसतो.

आणि धूर. लोक आगीला घाबरतात, मारतो धूर. डिसेंबर 2017 ला कमला मिल्सच्या रूफटॉप पबच्या आगीत 14 जण गेले, त्यातले बरेचसे गुदमरून, बाथरूममधे आसरा घेतलेले. जिन्यात शू रॅक, सायकली, जुने सोफे ठेवलेत ना लोकांनी, ते जळलं की सगळा जिना धुराने भरतो आणि उतरायचा रस्ताच जातो. फायर डोअरला वीट लावून उघडं ठेवतात ती वीट पण काढ. रेफ्युज एरियाला (आगीच्या वेळी लोकांनी थांबायची मोकळी जागा) कुलूप घालून पार्टी हॉल केला असेल तर ते आधी मोकळं कर, भांडण झालं तर होऊ दे.

अजून एक, बेसमेंटमधे जनरेटरचं डिझेल कुठे आहे, खालच्या दुकानांत किती सिलिंडर आहेत, मेन स्विच कुठे, हे पहिल्या ऑफिसरला सांगणारा एक माणूस हवा, आणि तो रात्री तीनला पण हवा. आत काय भरलंय यावर किती अवलंबून असतं ते बघ. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया डॉकमधे फोर्ट स्टिकीन जहाजात कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता, कापसाला आग लागली, विझवता विझवता स्फोट झाला आणि ब्रिगेडचे 66 जण गेले. बाबा दर वर्षी त्या दिवशी सकाळी युनिफॉर्म घालून मानवंदनेला जायचे, रिटायर झाल्यावरही सकाळी लवकर आंघोळ करून बसायचे.

तर येत्या रविवारी मी येतो, पंप रूमची चावी शोधून ठेव (माझी पैज आहे, सापडायला अर्धा तास लागेल), वॉचमनला आणि त्या काकांना पण बोलाव. गच्चीवरून होज सोडून बघू पाणी येतंय का. खालच्या गाड्या काढायला आदल्या दिवशीच ग्रुपवर टाक, नाहीतर मिसेस लोकांच्या धुतलेल्या गाड्या भिजल्या म्हणून नवीन सेक्रेटरी निवडतील. वहिनीला सांग जेवायला आहे, मटण असेल तर उत्तम.

तुझा,
मंद्या