बहुइंधनी स्टोव्हमध्ये पेट्रोलचा क्रम शेवटचा असावा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या रविवार पुरवणीत पावसाळी भटकंतीच्या सामानाविषयी आलेला लेख मी आवडीने वाचला. त्यातील बहुतेक सूचना अनुभवाच्या होत्या. मात्र बहुइंधनी स्टोव्हविषयीचा, म्हणजे पेट्रोल, रॉकेल, डिझेल, गॅस अशी निरनिराळी इंधने चालणाऱ्या छोट्या स्टोव्हविषयीचा, एक सल्ला मनात खटकत राहिला. अशा स्टोव्हला काहीही चालते, तेव्हा इंधनाची चिंता न करता घराबाहेर पडावे आणि वाटेतल्या पंपावर बाटलीत पेट्रोल भरून घ्यावे, असा त्याचा आशय होता. असा एक स्टोव्ह मी बारा वर्षे वापरत आलो आहे. गोव्यातल्या सत्तरी आणि सांगे तालुक्यांत त्यावर पुष्कळदा स्वयंपाक केला आहे, आणि दोन वेळा तो हिमालयातही नेला आहे. त्या आधारावर नम्रपणे सांगावेसे वाटते की स्टोव्हला चालते ते सगळेच आपण त्यात भरावे असे नाही, आणि गोव्यात तरी पेट्रोलचा क्रम सर्वांत शेवटचा असावा.

मुळात हा स्टोव्ह आपल्याला वाटतो तितका परका नाही. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या स्वीडिश माणसाने 1892 मध्ये जो बिनवातीचा स्टोव्ह बनवला, जो अमुंडसेनने 1911 मध्ये दक्षिण ध्रुवावर नेला आणि ज्याच्या नावावरून आपल्याकडची जुनी माणसे कोणत्याही कंपनीच्या पितळी स्टोव्हला सरसकट ‘प्रायमस’ म्हणत, त्याचाच हा घडी घालता येणारा नातू आहे. पितळी टाकीच्या जागी ॲल्युमिनियमची बाटली आली, एवढाच काय तो मोठा फरक. पंपाने हवा भरली की इंधन नळीत चढते, ज्योतीतून जाणाऱ्या तापलेल्या नळीत त्याची वाफ होते आणि ती वाफ जेटच्या, म्हणजे बर्नरमध्ये बसवलेल्या छोट्या सुट्या तोटीच्या, बारीक छिद्रातून जोराने बाहेर पडून, हवेत मिसळून निळी जळते. सुरुवातीला ज्योतच नसते, म्हणून बर्नर आधी बाहेरून तापवावा लागतो. घरोघरी स्पिरिटात बुडवलेला काकडा पेटवून बर्नरला अडकवत असत, तो याचसाठी.

आता या जेटचे छिद्र प्रत्येक इंधनासाठी वेगळे लागते, हे लेखात राहून गेले होते. ‘ऑम्निफ्युएल’ या प्रसिद्ध स्टोव्हसोबत जे जेट येतात त्यांतले गॅससाठीचे 0.45 मिलिमीटरचे, पेट्रोलसाठीचे 0.37 चे आणि रॉकेल व डिझेलसाठीचे 0.28 चे असते. पेट्रोलच्या जेटमधून रॉकेल सोडले तर ज्योत पिवळी होते आणि पातेल्याच्या बुडाला काजळीचा थर बसतो; रॉकेलच्या जेटमधून पेट्रोल सोडले तर ज्योत मरगळलेली राहते. बाटलीत कोणते इंधन भरायचे हे म्हणूनच घरी, उजेडात, पान्याने जेट बदलतानाच ठरवावे लागते. वाटेतल्या पंपावर ते ठरवणे उशिराचे असते.

पेट्रोलला माझा विरोध का, हे जरा विस्ताराने सांगतो. पेट्रोलचा ज्वलनबिंदू, म्हणजे ठिणगीने पेटेल इतकी वाफ सुटू लागण्याचे तापमान, शून्याखाली सुमारे 40 अंशांवर आहे, म्हणजे गोव्यातल्या कोणत्याही ऋतूत, कोणत्याही वेळी, उघड्या बाटलीच्या तोंडाशी पेट घेऊ शकणारी वाफ असतेच. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि चार हातांवर ठेवलेल्या पणतीपर्यंतही सरकते. त्यात आता पंपावर मिळणारे पेट्रोल निव्वळ पेट्रोल राहिलेले नाही. त्यातले इथेनॉलचे प्रमाण 2022 मध्ये 10 टक्क्यांवर गेले आणि आता ते 20 टक्क्यांपर्यंत आले आहे. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. जुलै महिन्यात आपल्याकडे मिठाला पाणी सुटते आणि चपलांना बुरशी येते, तेथे अर्धवट भरलेल्या, पुन्हा पुन्हा उघडल्या जाणाऱ्या बाटलीची काय कथा? पाणी पुरेसे साचले की ते इथेनॉलला घेऊन तळाशी वेगळे बसते, आणि स्टोव्हची नळी इंधन उचलते ते नेमके तळाकडूनच. शिवाय जुन्या स्टोव्हच्या हवा भरायच्या पंपातील वॉशरची काही रबरे इथेनॉलने फुगतात. इंजिनासाठी पेट्रोलमध्ये मिसळलेली द्रव्ये बारीक नळीत थर धरतात, हे आणखी निराळे. ज्याला परदेशात ‘व्हाइट गॅस’ म्हणतात ते यांतले काहीही नसलेले शुद्ध नॅप्था, म्हणजे खनिज तेलातून निघणारे हलके द्रव इंधन, असते. परदेशी माहितीपत्रकातील स्तुती त्याची असते, पंपावरच्या पेट्रोलची नव्हे. आणि ते आपल्याकडच्या दुकानांत मिळत नाही.

बाटलीविषयीही एक शब्द. विक्रीसाठी नसलेले 30 लिटरपर्यंतचे पेट्रोल परवान्याविना बाळगण्याची मुभा 1934 च्या पेट्रोलियम कायद्यात आहे, पण ते घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यातच ठेवायचे असते, आणि भांडे काचेचे असेल तर ते एक लिटरहून मोठे चालत नाही. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत पेट्रोल मागणाऱ्याला पंपावरचा मुलगा नकार देतो, तेव्हा त्याच्याशी हुज्जत घालणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

माझ्या या मताला एका फजितीचीही जोड आहे. सहा वर्षांपूर्वी तांबडी सुर्लाच्या बाजूला एका परिचिताच्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, आमचा मुक्काम होता. पावसाची झड आत येत होती, म्हणून ताडपत्रीच्या कडेला बसूनच मी स्टोव्ह पेटवायला घेतला. बाटलीत त्या वेळी पेट्रोल होते आणि हात मात्र रॉकेलच्या सवयीचा. रॉकेलला बर्नर तापवायला जेवढे इंधन खालच्या वाटीत सोडावे लागते, तेवढेच पेट्रोल मी सोडले आणि काडी लावली. कमरेएवढी ज्वाळा उठली, ताडपत्रीला हातभर भोक पडले आणि माझ्या उजव्या भुवईचे केस गेले. दोष स्टोव्हचा नव्हता, माझा होता. ‘स्टोव्हचा भडका उडून’ हे शब्द एके काळी वर्तमानपत्रांत इतक्या वेळा छापून येत की ते वाचणारेही निबर झाले होते. त्या रात्री मला त्यांचा अर्थ पुन्हा कळला.

रॉकेल, म्हणजे आपल्या भागात ज्याला आजही घासलेट म्हणतात ते, पेटायला आळशी आहे आणि तोच त्याचा मोठा गुण. त्याचा ज्वलनबिंदू 35 अंशांच्या वर असतो. सांडले तर ते ओशट डाग सोडते, पण लगेच भडकत नाही. अर्थात एप्रिलच्या दुपारी बंद मोटारीत तापलेल्या बाटलीतले रॉकेल तेवढे निरुपद्रवी राहत नाही, हेही ध्यानात असावे. ते जास्त दिवस टिकते आणि त्याची आच कडक असते. त्याचे दोष मी लपवत नाही. त्याला वास आहे, हाताला लागले तर तो भाकरीपर्यंत पोचतो. बर्नर नीट तापण्याआधी चावी उघडली तर पिवळ्या ज्वाळा आणि धूर होतो, आणि जेट अधूनमधून पिन मारून साफ करावे लागते. त्यावर माझा उपाय साधा आहे: बर्नर तापवण्यापुरते स्पिरिट एका लहान बाटलीत वेगळे न्यायचे. जुन्या गृहिणींनी काकड्याला स्पिरिट वापरले ते काही हौसेने नाही.

डिझेल रॉकेलच्याच जेटवर जळते, पण वास आणि काजळी अधिक, अडीअडचणीला ठीक. रंगाच्या दुकानातले थिनर कोणी सुचवले तर ऐकू नये, ते रबर खाते आणि त्याची वाफ डोक्यात जाते. निव्वळ स्पिरिटवर यांतले बहुतेक स्टोव्ह चालत नाहीत. आमच्यातल्या एका विनोदी मित्राने फेणी घालून पाहण्याचा प्रस्ताव मांडला होता. काजू फेणीत अर्ध्याहून जास्त पाणीच असते, त्यामुळे ती स्टोव्हपेक्षा माणसांतच बरी पेटते.

येथे गॅसविषयी प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. ब्युटेन शून्याच्या आसपास वाफ देईनासा होतो, म्हणून थंड प्रदेशात गॅसच्या डबीवर विसंबता येत नाही आणि बहुइंधनी स्टोव्हची खरी गरज तेथे पडते. लडाखमध्ये तर डिझेलही गोठते, म्हणून उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास डिझेल 2019 पासून तेथे पुरवले जाऊ लागले. गोव्यात ही अडचण कधीच नाही. डब्या मिळत असतील तर दोन दिवसांच्या मुक्कामाला गॅसच सोयीचा. त्या संपल्यावर घरच्या सिलिंडरमधून त्यांत गॅस भरून घेण्याचा जो जुगाड काही मुले करतात, तो मात्र मला पेट्रोलपेक्षाही भीतिदायक वाटतो, कारण त्या डबीला ना पुन्हा भरण्याचा हिशेब, ना त्या दाबाची खात्री.

किती इंधन न्यावे, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. एक लिटर पाणी 25 अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे 315 किलोज्यूल उष्णता लागते. वाऱ्यात निम्मी उष्णता वाया जाते असे धरले तरी सुमारे 18 मिलिलिटर रॉकेल पुरते. दोघांच्या तीन दिवसांना, बर्नर तापवण्याची उधळपट्टी धरून, अर्धा लिटर खूप होते. फक्त उकड्या तांदळाची पेज करण्याचा हट्ट धरू नये. ती मंद आचेवर तासभर रटरटावी लागते आणि हे स्टोव्ह मंद आच देण्यात कच्चे असतात; घरघर तर अशी की शेजारच्या ओहोळाचा आवाजही ऐकू येत नाही. बाटलीही गळ्यापर्यंत भरू नये, कारण पंपाने दाबलेल्या हवेला जागा लागते.

हे इंधन घेऊन रेल्वेने निघण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा. ज्वालाग्राही पदार्थ डब्यात नेणे 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 164 खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने आग पेटवण्यास वन्यजीव संरक्षण कायद्याची मनाई आहे. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात पेटलेले वणवे विझवायला हेलिकॉप्टरने पाणी ओतावे लागले, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. खाजगी जागेतही पाऊस आला म्हणून स्टोव्ह तंबूत घेऊ नये. बंद तंबूत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही.

राहता राहिला प्रश्न रॉकेल मिळण्याचा. रास्त भावाच्या दुकानातले निळे रॉकेल शिधापत्रिकाधारकांच्या चुलीसाठी असते, त्यावर भटक्यांनी हात मारू नये. खुल्या बाजारातले पांढरे रॉकेल विकत घ्यायला हरकत नाही, पण गॅस घरोघरी गेल्यापासून ते ठेवणारी दुकाने शोधावी लागतात. मागच्या खेपेस मला फोंड्यात चार ठिकाणी विचारून शेवटी मडगाव गाठावे लागले. असे रॉकेल कोणत्या तालुक्यात कोठे मिळते, त्याची यादी नागरी पुरवठा खात्याने आपल्या दैनिकातून प्रसिद्ध करावी, आणि स्टोव्ह भाड्याने देणाऱ्यांनी कोणते जेट बसवले आहे याची चिठ्ठी स्टोव्हला बांधूनच तो हाती द्यावा, एवढी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक,
फोंडा, गोवा