लॅक्टोफेरिनविषयी अनंतास

पुणे

प्रिय अनंत,

सप्रेम नमस्कार.

मोठ्या आतड्याच्या दाहावरचे तुझे मेसालामाइन हे औषध बंद करून लॅक्टोफेरिन या दुधातील प्रथिनाच्या कॅप्सूल सुरू कराव्यात का, हा तुझा प्रश्न वाचल्यापासून मनातून जात नाही. दुग्धशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आणि या प्रथिनाविषयी मला फार आस्था आहे. म्हणूनच उत्तर जपून देतो.

गाईच्या दुधात ते १९३९ मध्ये प्रथम आढळले. मातेच्या पहिल्या चिकात ते लिटरमागे पाच ग्रॅमच्या आसपास असते, गाईच्या रोजच्या दुधात मात्र त्याचा अगदी छोटा अंश. त्याचा एक रेणू लोहाचे दोन अणू घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे लोहावाचून न वाढणाऱ्या जंतूंची उपासमार होते. शिवाय काही जिवाणूंच्या आवरणातील जे विष दाह भडकवते, त्यालाही ते चिकटते. २००२ मध्ये जपानी संशोधकांनी रसायनाने मोठ्या आतड्याचा दाह घडवलेल्या उंदरांना ते तोंडावाटे दिले, तेव्हा आतड्याची हानी कमी झाली. मला सर्वांत विलक्षण वाटते ते असे, की आपल्या पांढऱ्या पेशींतही हेच प्रथिन असते. आतडे सुजले की त्या पेशी तेथे धावून जातात, त्यांच्यातून सुटलेले लॅक्टोफेरिन शौचात उतरते आणि त्यावरूनच डॉक्टर दाह ओळखतात. रोगाची खूण तीच औषध कशी, असे तू विचारशील. पण आग लागलेल्या घरापाशी पाण्याच्या घागरी सापडाव्यात, तसे ते आहे.

तरीही, अनंता, रसायनाने काही दिवसांत उठवलेला उंदराचा दाह म्हणजे तुझा वर्षानुवर्षांचा अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा व्रणयुक्त दाह, नव्हे. शिवाय जठरातील पेप्सिन या प्रथिनाचे तुकडे करते. त्यांतला एक तुकडा स्वतःच जंतुनाशक असला, तरी मोठ्या आतड्यापर्यंत पुरेसे काही पोहोचते का, हा प्रश्न उरतोच. माणसांवरच्या एका मोठ्या चाचणीचा अनुभवही ध्यानात ठेव, जरी तो आजार वेगळा होता. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना त्यामुळे संसर्ग कमी होतो, असे इटलीतील २००९ च्या चाचणीत दिसले होते. ब्रिटनमध्ये सुमारे २,२०० बाळांवर तेच पडताळले, तेव्हा २०१९ मध्ये तो लाभ आढळला नाही.

वहिनींनी खरवसाविषयी विचारले आहे. चीक वाफेवर घट्ट धरतो तो त्यातील प्रथिनांची मूळ घडण उष्णतेने मोडते म्हणूनच, आणि त्या वाफेत लॅक्टोफेरिनचीही घडण टिकत नाही. तुला सोसत असेल तर खरवस आवडीने खा, औषध म्हणून नको.

मेसालामाइन सोडू नकोस. कॅप्सूल घ्यावीशी वाटलीच, तर ती चालू औषधाच्या जोडीला आणि तुझ्या डॉक्टरांना विचारूनच घे. रक्त पुन्हा पडू लागले तर एक दिवसही वाट न पाहता त्यांच्याकडे जा. शौचतपासणीचा नवा अहवाल आला की मला पाठव. मागच्या अहवालाशेजारी ठेवून तो आपण दोघे फोनवर वाचू.

तुझा,
माधव